पिंपल्स कमी होत नाहीयेत? चेहऱ्याला दिवसभर काय लागतं ते बघा

क्रीम बदलून बदलून कंटाळला असाल तर आधी आजूबाजूला बघा. धूर आणि धुळीच्या हवेत पीएम २.५ सारखे बारीक कण असतात, ते त्वचेवर बसतात आणि आपल्या त्वचेच्या तेलात जे स्क्वालीन (एक तेलकट घटक) असतं ते ऑक्सिडाइज होतं, म्हणजे ऑक्सिजनशी क्रिया होऊन खराब होतं, मग तेच तेल छिद्रं बंद करायला लागतं आणि सूजही वाढवतं. ऊन आणि सिगरेटचा धूर पण हेच करतात.

दुसरं म्हणजे घासणं. हेल्मेटचा पट्टा, मास्क, टाइट कॉलर, बॅगेचे बेल्ट, जिथे घाम, उष्णता आणि दाब एकत्र येतो तिथेच पुरळ उठतं, आणि लोक उगाच खाण्यापिण्याला दोष देत बसतात. म्हणून पिंपल्स नेमके कुठे येतायत ते नीट बघा! कपाळावर केसांच्या कडेला असतील तर अनेकदा केसांचं तेल किंवा जेल कारण असतं. गॅरेजमध्ये किंवा तळणाच्या कढईसमोर तासन्‌तास काम असेल तर तेलाचा थर हेच कारण असू शकतं.

बाहेरून आलं की सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, पण दिवसातून दोनदाच, घासून घासून नाही, कारण त्वचेचा वरचा थर दुखावला की त्रास अजून वाढतो. घाम आला तर नुसत्या पाण्याने धुवून टिपून घ्या. हेल्मेटचं अस्तर आणि उशीचं कव्हर नियमित धुवा, सनस्क्रीन नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं बंद न करणारं घ्या. गाठी दुखत असतील किंवा डाग पडत असतील तर थांबू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि कामावर कशाशी संपर्क येतो तेही सांगा.