मुंबईत मुक्काम कुठे करावा : आधी लाइन, मग स्थानक, मग हॉटेल

मुंबईत कामासाठी येणाऱ्या नातेवाइकांचे आणि ओळखीच्यांचे फोन मला वर्षभर येत असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "एखादे स्वच्छ आणि परवडणारे हॉटेल सुचव." हॉटेलचे नाव मी लगेच सांगत नाही. मी आधी विचारते, की काम कुठे आहे, तिथे पहिल्या दिवशी किती वाजता पोचायचे आहे, बरोबर कोण आहे आणि गाडी कोणत्या स्थानकावर उतरवणार आहे. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की राहण्याचा भाग आपोआप ठरतो, आणि भाग ठरल्यावर हॉटेल शोधणे हे अर्ध्या तासाचे काम उरते. उलट क्रमाने गेल्यास काय होते, हे मी घरातच पाहिले आहे. माझ्या सोलापूरच्या मामांना मंत्रालयात तीन दिवस काम होते. त्यांनी विमानतळाजवळचे म्हणून, दर कमी दिसला म्हणून, अंधेरी पूर्वेतल्या साकीनाक्याचे एक हॉटेल आगाऊ पैसे भरून ठरवले. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ते सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर (सीएसएमटी) उतरले, म्हणजे मंत्रालयापासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर, आणि तिथून सामान घेऊन आधी अंधेरीला गेले, मग ऐन गर्दीच्या वेळी पुन्हा दक्षिणेकडे आले. तीन दिवसांत टॅक्सीवर झालेला खर्च खोलीभाड्यात वाचलेल्या पैशांहून जास्त होता, आणि साठी उलटलेल्या माणसाची झालेली दमणूक वेगळीच.

मुंबईत अंतर किलोमीटरवरून ठरत नाही, ते लोकलच्या मार्गावरून ठरते. चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाणारी पश्चिम रेल्वे, सीएसएमटीहून ठाणे-कल्याणमार्गे कसारा आणि कर्जतकडे जाणारी मध्य रेल्वे, आणि सीएसएमटीहूनच निघून एका फाट्याने वाशी-पनवेलला व दुसऱ्याने वांद्रे-अंधेरी-गोरेगावला जाणारी हार्बर लाइन, असे हे मार्ग आहेत. ज्या लाइनवर काम आहे त्याच लाइनवर राहिलात, तर चौदा-पंधरा किलोमीटरही अर्ध्या-पाऊण तासात होतात. लाइन बदलावी लागली, की तेवढ्याच अंतराला जिने, पूल आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहणे असे सगळे येऊन मिळते. दादरला पश्चिम आणि मध्य या दोन्ही लाइन भेटतात, म्हणून ज्यांची कामे दोन-तीन ठिकाणी विखुरलेली आहेत त्यांना मी दादर, माटुंगा किंवा परळ हा पट्टा सुचवते. मात्र दादरच्या पुलावरची संध्याकाळची गर्दी ज्येष्ठांना सोसणारी नाही, हेही सांगून ठेवते.

ऑक्टोबर २०२५ पासून या हिशेबात एक मोठी सोय वाढली आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, पूर्ण सुरू झाली आहे. सुमारे साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानके आहेत. काळबादेवी, वरळी, सिद्धिविनायक आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल यांच्याजवळ पूर्वी लोकलचे स्थानकच नव्हते. ती ठिकाणे आता सीएसएमटी, चर्चगेट, दादर आणि वांद्रे-कुर्ला संकुलाशी एकाच गाडीने जोडली गेली आहेत. सरकते जिने, लिफ्ट आणि वातानुकूलित डबे असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला लोकलपेक्षा ही मेट्रो कितीतरी सुखाची आहे. वृद्ध माणसे बरोबर असतील, तर हॉटेल लोकलच्या स्थानकाजवळ असण्यापेक्षा मेट्रोच्या स्थानकाजवळ असावे, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

लाइन ठरवताना गर्दीची दिशाही पाहावी. सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळात माणसे दक्षिणेकडे जातात आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उत्तरेकडे परततात. काम ठाण्यात किंवा बोरिवलीत असेल आणि मुक्काम दक्षिणेत असेल, तर तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने जाता आणि बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. काम फोर्टात आणि मुक्काम बोरिवलीत, ही मात्र नवख्या माणसाने स्वतःवर ओढवून घेऊ नये अशी रचना आहे.

मंत्रालय, उच्च न्यायालय, विद्यापीठाची फोर्टातली इमारत यांपैकी कुठे काम असेल, तर फोर्ट, सीएसएमटी किंवा चर्चगेटच्या आसपास राहावे. या भागातल्या खोल्या लहान असतात, इमारती जुन्या असतात, आणि कित्येक लॉज दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असूनही लिफ्ट नसते किंवा ती पहिल्या मजल्यावरून सुरू होते. तरीही काम चालत जाण्याच्या अंतरावर असण्याचे मोल मोठे आहे. मंत्रालयासाठी तर मेट्रोचे विधान भवन स्थानकही जवळच आहे. मुलांना गेटवे, वस्तुसंग्रहालय आणि घारापुरीची लेणी दाखवायची असतील, तरी हाच भाग किंवा शेजारचा कुलाबा बरा. घारापुरी सोमवारी बंद असते, तेव्हा मुक्कामाचे वार त्याप्रमाणे धरावेत.

सर्वांत काळजीपूर्वक निवड करावी लागते ती रुग्णाला घेऊन येणाऱ्यांना, आणि दुर्दैवाने त्यांच्याकडेच त्यासाठी सर्वांत कमी वेळ असतो. टाटा मेमोरियल, केईएम आणि वाडिया ही रुग्णालये परळ भागात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, म्हणून परळ, दादर पूर्व आणि लालबाग या पट्ट्यातच जागा पाहावी. नवी मुंबईत खोल्या मोठ्या आणि स्वस्त मिळतात, हे खरे आहे. पण वाशीहून परळला यायचे म्हणजे हार्बरने कुर्ल्यापर्यंत येऊन मध्य रेल्वेची धीमी लोकल पकडायची, आणि केमोथेरपी घेतलेल्या माणसाला तो प्रवास झेपत नाही. इथे एक गोष्ट आवर्जून तपासावी. टाटा मेमोरियल केंद्राचेच दुसरे मोठे रुग्णालय खारघरला आहे, आणि काही रुग्णांना तपासणीसाठी किंवा उपचारांसाठी तिकडे पाठवले जाते. कागदांवर कोणत्या ठिकाणाचे नाव आणि वेळ लिहिली आहे ते नीट वाचल्याशिवाय परळला महिन्याभराची जागा घेऊ नये. खारघरला बोलावले असेल, तर हार्बर लाइनवरचे खारघर, बेलापूर किंवा वाशी हेच भाग योग्य ठरतात.

पहिल्या खेपेला किती दिवस राहावे लागेल, हे डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीला दोन-तीन रात्रींपुरतेच हॉटेल घ्यावे आणि उपचारांचे वेळापत्रक हाती आल्यावर लांबच्या मुक्कामाची सोय पाहावी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आधार देत आली आहे, आणि शहरात अशा आणखीही संस्था आहेत. तिथे जागा मिळवण्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी जाऊन नाव सांगावे, कारण मागणी मोठी असते आणि बहुतेक ठिकाणी रुग्णालयाचे कागद किंवा पत्र लागते. खोली निवडताना स्वतंत्र संडास-बाथरूम, गरम पाणी, व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट आणि पेज किंवा वरण-भात करून देणारे, नाहीतर करू देणारे स्वयंपाकघर, एवढ्या गोष्टी पाहाव्यात. दूरचित्रवाणी, नाश्ता आणि रंगीत पडदे यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

मुले अमेरिकेत असलेल्या आई-वडिलांची मुंबईवारी बहुधा व्हिसासाठी असते. अमेरिकेचा वाणिज्य दूतावास २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुलाखतीची वेळ बहुतेकदा सकाळची असते, म्हणून आदल्या दिवशीच येऊन सांताक्रूझ पूर्व, कलिना किंवा वांद्रे पूर्व इथे उतरावे. संकुलातली हॉटेले महाग आहेत आणि एका रात्रीसाठी त्यांची गरज नाही. दूतावासात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोन आणि पिशव्या खोलीत ठेवून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल, असे अंतर असणे हाच खरा निकष आहे. रिक्षांबद्दल बाहेरगावच्या माणसाला एक माहिती हवी : त्या पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडे शीवपर्यंतच चालतात. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी, बेस्टची बस किंवा पायी चालणे एवढेच पर्याय आहेत, आणि रोजच्या खर्चाचा अंदाज बांधताना हा फरक धरावा लागतो.

आता गाडी कुठे थांबते ते पाहू. विदर्भ, सेवाग्राम, महालक्ष्मी आणि सिद्धेश्वर या गाड्या सीएसएमटीला येतात आणि वाटेत दादरलाही थांबतात. तुतारी एक्स्प्रेस दादरलाच संपते. लोकमान्य टिळक टर्मिनस हे कुर्ला स्थानकापासून वेगळे आहे, तसेच वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचे लोकल स्थानक यांतही अंतर आहे. तिकिटावर यांपैकी नाव असेल, तर पुढच्या रिक्षाचा किंवा चालण्याचा वेळ वेगळा धरावा. पुण्याहून शिवनेरीने येणाऱ्यांना दादर पूर्वेला उतरता येते. रात्रीच्या गाड्या सकाळी लवकर पोचतात आणि बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी बारानंतर मिळते, ही अडचण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुन्या लॉजांपैकी काहींत चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत ती तुमची. सकाळी उतरून लगेच कामाला जाणाऱ्यांसाठी अशी जागा फार सोयीची असते. तशी न मिळाल्यास सामान ठेवून आंघोळ करू देतील का, हे फोनवर विचारून घ्यावे.

भाग निश्चित झाल्यावर नकाशावर हॉटेल आणि स्थानक यांच्यामधला पायी जाण्याचा रस्ता पाहावा. "स्थानकापासून पाच मिनिटे" या जाहिरातीतली पाच मिनिटे रिकाम्या हाताने चालणाऱ्या तरुणाची असतात, आणि हॉटेल पूर्वेला असताना तुमचे काम पश्चिमेला असेल, तर रोज रेल्वेचा पूल चढून-उतरून जावे लागते. अभिप्राय वाचताना सरासरी गुणांकडे न पाहता गेल्या तीन-चार महिन्यांतले अभिप्राय वाचावेत, आणि त्यांतही पाणी, ढेकूण, लिफ्ट व रात्रीचा आवाज यांबद्दल लोक काय म्हणतात ते शोधावे. मग थेट फोन करून खोलीला खिडकी आहे का, असे विचारावे. मुंबईतल्या स्वस्त खोल्यांपैकी अनेकींना खिडकीच नसते, आणि फोटोवरून ते कळत नाही.

दर विचारताना कर धरून किती, हे स्पष्ट विचारावे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. तिसऱ्या माणसाच्या गादीचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचे लागते. आधारची प्रत द्यायची असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी. पत्ता मुंबईचाच असलेल्यांना काही हॉटेले खोली देत नाहीत, म्हणून भेटायला आलेला मुंबईकर भाऊ रात्री राहणार असेल, तर तेही आधी विचारावे. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक बरोबर असतील, तर हॉटेलला त्यांची नोंद सरकारकडे करावी लागते आणि लहान लॉज ते टाळतात.

तारखांकडेही लक्ष हवे. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, त्यामुळे त्या आठवड्यात दादरला इतर कामासाठी जागा शोधू नये. ती जागा त्यांची आहे. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते रात्रभर भरलेले असतात, आणि रुग्ण बरोबर असेल तर त्या दिवसांत माटुंगा किंवा शीव बरे. पावसाळ्यात हिंदमाता, गांधी मार्केट आणि अंधेरीचा सबवे इथे पाणी साचते, तेव्हा जून ते सप्टेंबर या काळात या ठिकाणांना लागून असलेले हॉटेल घेऊ नये. रविवारी परत निघायचे असेल, तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल काही तास बंद ठेवण्याची, वेळ पाहून ठेवावी.

निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला एकदा स्वतः फोन करावा, नाव, तारीख आणि पोचण्याची वेळ सांगावी, आणि ज्याच्याशी बोललात त्याचे नाव विचारून तिकिटाच्या मागे लिहून ठेवावे.