खापरपणजोबांचा माग काढताना ‘बिन’ आणि ‘कोम’ वाचायला शिका

इंग्रजी अमदानीतल्या पूर्वजांचा शोध घेताना बहुतेक जण आडनावाच्या मागे लागतात आणि तिथेच अडकतात, कारण जुन्या खरेदीखतांत, गहाणखतांत किंवा सावकाराच्या रोख्यांत आडनाव अनेकदा नसतेच. तिथे ‘गणू बिन रामा’ असे लिहिलेले आढळते. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘सखू कोम गणू’ असे असल्यास सखू ही गणूची बायको. वंशावळीत सहसा न सापडणाऱ्या स्त्रिया या एका ‘कोम’मुळे हाती लागतात, म्हणून तो शब्द कधीही ओलांडून पुढे जाऊ नये.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येते. तेव्हा दोन रामांची गल्लत टाळण्यासाठी प्रत्येक नावाजवळ वडिलांचे नाव आणि साल टिपावे. साल शके असल्यास इसवी सन काढण्यासाठी त्यात 78 मिळवावेत, मात्र पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या नोंदीला बहुधा 79 लागतात. मजकूर मोडी लिपीत असेल, तर कागद उलगडण्याची घाई न करता आधी त्याचे छायाचित्र घ्यावे. घडीवर तुटलेल्या कागदात नेमके नावच जाते.