अपघाताची किंमत काढताना या चुका टाळा

चौकात वेग कमी करणारे उंचवटे घालायचे, दुभाजक बांधायचा किंवा पादचाऱ्यांसाठी पदपथ काढायचा म्हटलं की खर्चाचा अंदाज शेवटच्या पैशापर्यंत तयार होतो. तेच काम न केल्यामुळे दरवर्षी किती खर्च होतो, हे मात्र बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं, आणि तीही ओळ चुकलेली असते. अपघातांचा खर्च कोणी ना कोणी भरतच असतो. थोडा रुग्णालय, थोडा विमा कंपनी, थोडा कामाचा मालक, आणि सगळ्यात जास्त ते घर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार रस्त्यावर वर्षाला सुमारे 11 लाख 90 हजार माणसं मरतात. 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. म्हणून हा हिशेब नीट व्हायला हवा. त्यात वारंवार होणाऱ्या चुका आणि त्या कशा पकडायच्या, ते पुढे मांडलं आहे.

फक्त पोलिसांच्या नोंदीवर विसंबणं

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. मृत्यूची नोंद सहसा होते. जखमींची होत नाही. सायकलवरून पडलेला, एकट्यानेच दुचाकी घसरलेला, आपसांत मिटवून घेतलेला, परस्पर दवाखान्यात गेलेला माणूस पोलिसांच्या कागदावर येतच नाही. आला तरी जखम गंभीर की किरकोळ, हे ठरवणारा माणूस डॉक्टर नसतो. डोक्याला मार लागलेला माणूस घटनास्थळी चालता-बोलता असू शकतो.

यामुळे हिशेब किती बिघडतो ते पाहा. जिथे स्वतंत्र अभ्यास झालेला नाही तिथे आंतरराष्ट्रीय रस्ता मूल्यांकन कार्यक्रमाचं एक ढोबळ सूत्र वापरतात. एका मृत्यूची किंमत दरडोई जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनातल्या माणशी वाट्याच्या) 70 पट, गंभीर जखमीची त्याच्या चौथाई, म्हणजे 17.5 पट, आणि दर मृत्यूमागे 10 गंभीर जखमी. म्हणजे एका मृत्यूमागे एकूण भार 70 अधिक 175, म्हणजे 245 पट. यातला 71 टक्के भाग जखमींचा आहे. आता समजा नोंदीत दर मृत्यूमागे तीनच गंभीर जखमी दिसले. मग बेरीज 122.5 वर येते, बरोबर निम्मी. मृतांचा आकडा अचूक असूनही अर्धा खर्च गायब!

म्हणून आकडेवारी हातात आली की आधी हे गुणोत्तर काढा. मृत आणि गंभीर जखमी यांची संख्या जवळपास सारखी असेल, किंवा मृतच जास्त असतील, तर तिथले अपघात विशेष भीषण आहेत असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. बहुतेक वेळा नोंदीलाच गळती लागलेली असते. रुग्णालयातल्या भरतीच्या नोंदी, रुग्णवाहिकेच्या फेऱ्या आणि पोलिसांची यादी शेजारी ठेवून जुळवा. एकच माणूस तिन्हीकडे असू शकतो, तेव्हा तारीख, वय आणि ठिकाण पाहून दुबार नावं काढा. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

मृत्यूच्या आकड्यातही एक खोच आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे अपघातानंतर 30 दिवसांच्या आत झालेला मृत्यू मोजतात. तुमच्या नोंदीत फक्त 24 तासांतले मृत्यू असतील तर आकड्याला 1.30 ने गुणण्याची पद्धत आहे, 7 दिवसांतले असतील तर 1.08 ने. तुलना करण्याआधी ही व्याख्या तपासली नाही, तर जो देश कमी दिवस मोजतो तोच सुरक्षित ठरतो.

माणसाची किंमत त्याच्या पगाराएवढी धरणं

जुनी पद्धत मानवी भांडवलाची. माणूस जगला असता तर उरलेल्या आयुष्यात किती कमावलं असतं, तेवढं त्याच्या जाण्याचं नुकसान. मोजायला सोपी, म्हणून अजूनही सर्रास वापरतात. पण या गणितात निवृत्त आजोबांची किंमत जवळजवळ शून्य येते. घर चालवणाऱ्या बाईच्या कामाला बाजारभाव लावला नाही तर तिचीही. पगार कमी असलेल्या वस्तीतून जाणारा रस्ता दुरुस्त करणं ‘परवडत नाही’ असं हेच गणित सांगतं, आणि पायी चालणारे बहुधा त्याच वस्तीत असतात. हे उत्तर फक्त कठोर आहे असं नाही, ते चुकीचंही आहे. माणसाला आपला जीव पगारासाठी प्रिय नसतो.

दुसरी पद्धत वेगळा प्रश्न विचारते: धोका थोडा कमी करण्यासाठी लोक किती मोजायला तयार आहेत? समजा एक लाख लोकांनी प्रत्येकी 50 रुपये मोजले आणि त्यातून प्रत्येकाचा मृत्यूचा धोका एक लाखात एकाने कमी झाला. सरासरी एक जीव वाचला आणि एकूण 50 लाख रुपये मोजले गेले. याला सांख्यिकीय आयुष्याचं मूल्य म्हणतात. कोण्या एका ओळखीच्या माणसाची ही किंमत नव्हे, हे अहवालात ठळक लिहा. नाहीतर वाचणारा, साहजिकच, दुखावतो. ब्रिटनने 1988 मध्ये मृत्यूंसाठी हीच पद्धत स्वीकारली. वेदना, शोक आणि हिरावलेलं आयुष्य हिशेबात आलं.

दोन पद्धतींत फरक किती पडतो? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2019 च्या अपघातांचा थेट आर्थिक खर्च 340 अब्ज डॉलर काढला. आयुष्याची खालावलेली गुणवत्ता धरल्यावर तोच आकडा सुमारे 1,370 अब्ज झाला, म्हणजे चौपट. कोणता आकडा वापरताय ते न सांगता तुलना केली तर ती फसते. आणि मृत्यूंना एक पद्धत, जखमींना दुसरी असं कधीच करू नका.

तोच पैसा दोनदा मोजणं

वर कमी मोजण्याचं बोललो, इथे उलट. विमा कंपनीने दिलेली भरपाई समाजाच्या खर्चात मिळवू नका. ती एका खिशातून दुसऱ्यात गेली. गाडीची दुरुस्ती आणि उपचार आधीच मोजले असतील तर भरपाई धरणं म्हणजे दुबार मोजणी. विम्याचं कामकाज चालवण्याचा खर्च मात्र खरा आहे, तो धरा. पोलिसांचा आणि न्यायालयाचा वेळही. तसंच सांख्यिकीय आयुष्याच्या मूल्यात माणसाचा स्वतःचा उपभोग आलेला असतो, म्हणून त्यात पूर्ण बुडालेली कमाई मिळवू नका. कमाईतून स्वतःवरचा खर्च वजा करून जे उरतं तेवढंच मिळवा.

वटाव दर न सांगणं

भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढताना दरवर्षी जितके टक्के घट धरतात, तो वटाव दर. तीस वर्षांनंतरच्या 100 रुपयांची आजची किंमत 3 टक्के दराने 41 येते, 8 टक्क्यांनी जेमतेम 10. मुलांच्या मृत्यूचं नुकसान दूरच्या भविष्यात असतं, त्यामुळे मानवी भांडवलाच्या पद्धतीत चढा दर लावला की सगळ्यात स्वस्त ठरतात ती मुलंच. दोन दरांनी हिशेब करून दोन्ही दाखवा.

तीन टक्क्यांचा आकडा उचलून चिकटवणं

बहुतेक देशांना अपघातांची किंमत जीडीपीच्या 3 टक्के पडते, हे वाक्य जागतिक आरोग्य संघटनेचं आहे आणि अंदाज म्हणून ठीक आहे. पण ते एखाद्या शहराला किंवा एका रस्त्याला लावता येत नाही. त्याचा अर्थ ‘अपघात थांबले तर जीडीपी 3 टक्क्यांनी वाढेल’ असाही नाही. गॅरेजची बिलं आणि शस्त्रक्रियेचे पैसे जीडीपीत भरच घालतात, आणि वेदना त्यात कधी नव्हतीच. जीडीपी इथे फक्त मोजपट्टी आहे.

रुग्णालयातून घरी सोडलं की हिशेब बंद करणं

आर्थिक तक्त्यांत जखमी माणूस बिल भरून बाहेर पडतो आणि संपतो. घरात तिथून सुरुवात होते. मणक्याला दुखापत झालेल्या माणसाला कोणीतरी कूस बदलवून द्यावी लागते. ती व्यक्ती बहुधा घरातली बाई असते, आणि तिने सोडलेल्या नोकरीची पावती कुठेच नसते. मुलाची शाळा सुटते, कर्ज काढलं जातं, विकता येईल ते विकलं जातं. हे मोजायचं तर निवडक कुटुंबांकडे महिनाभराने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा जावं लागतं. प्रश्न साधे ठेवा: जखमीची काळजी कोण घेतं, रोज किती तास, त्यासाठी कोणतं काम सुटलं, उधारी किती झाली आणि किती फिटली. त्या तासांना तिथल्या मजुरीच्या दराने गुणा आणि ती ओळ तक्त्यात वेगळी दाखवा. ‘इतर’मध्ये टाकलीत तर प्रस्तावात काटछाट करताना पहिली तीच उडवतात.