मृगाआधी रोठ्याचं लाकूड बागेबाहेर काढा: पेट्रोल विंच वापरताना

काजूच्या बागेत रोठ्याने (खोड आणि मुळं पोखरणाऱ्या अळीने) मेलेलं झाड उभं असेल, किंवा तोडून तिथेच आडवं पडलेलं असेल, तर खतं, आळी करणं, फवारणी सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते लाकूड बाहेर काढा. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ७ जूनच्या आसपास पोहोचतो. त्यानंतर उतारावर ना पिकअप चढत, ना माणसाचा पाय ठरत. लाकूड दिवाळीपर्यंत तिथेच राहतं. आतला रोठा त्यातच पोसतो, भुंगेरा होऊन बाहेर पडतो आणि शेजारच्या कलमाच्या बुंध्याशी, सालीच्या भेगांत अंडी घालतो.

हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. एका बागेत घळणीत तीन मेलेली झाडं तोडून टाकलेली होती. आठ गडी लावूनही ओंडके वर येईनात, म्हणून "पावसानंतर बघू" असं ठरलं. मालक कष्टाळू, खत वेळेवर, फवारणी वेळेवर. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या घळणीभोवतीचीच झाडं एकेक करून पिवळी पडली. बुंध्याशी भुसा, डिंक, मग पानगळ. दुकानदाराने बुंध्याला लावायला महागडी बाटली दिली, तीही संपली. मेलेलं लाकूड बागेत असेपर्यंत बाटलीवर घातलेला पैसा मातीत जातो.

खोडाच्या घेराची निम्म्याहून जास्त साल खाल्ली गेली असेल आणि शेंडा पिवळा पडला असेल, तर त्या झाडाची आशा सोडा. तेही याच फेरीत काढा.

आता विंचबद्दल, म्हणजे दोराने ओझं ओढणाऱ्या यंत्राबद्दल. हातात उचलून नेता येणारं, पेट्रोलवर चालणारं दोराचं विंच अशा घळणीतल्या कामाला खरंच उपयोगी आहे. ३५ सीसीच्या आसपासचं इंजिन असलेली यंत्रं सरळ दोरावर साधारण ७०० किलोपर्यंत ओढतात, ५० सीसीची १००० किलोपर्यंत. ४० सेंमी व्यासाचा, २ मीटर लांबीचा ओला ओंडका दोन-सव्वादोनशे किलो भरतो. म्हणजे लहान यंत्र पुष्कळ झालं. दुकानदार मोठं इंजिन गळ्यात मारतो, तिथे थांबा. जोर कमी पडला तर ओंडक्याला एक कप्पी लावा आणि दोर तिच्यातून परत आणून यंत्राजवळच्या पक्क्या आधाराला बांधा. ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो. कप्पी इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आणि पाच-सहा झाडांसाठी यंत्र विकत घेऊच नका. वाडीत मिळून एक घ्या किंवा भाड्याने आणा.

या यंत्रात दोर ड्रमवर साठत नाही. फिरत्या ड्रमला तीन-चार वेढे द्यायचे आणि मोकळं टोक हाताने ओढत राहायचं. टोक सैल सोडलं की ओढ थांबते. म्हणून ते टोक मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नका. दोर कमी ताणाचा पॉलिस्टरचा, १० ते १२ मिमीचा, यंत्राच्या पुस्तकात दिलाय तोच. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो. सुंभ नको, विहिरीचा जुना दोर नको, लोखंडी तार तर नकोच. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभं राहू नये. कप्पीपाशी दोर वळवला असेल, तर त्या वळणाच्या आतल्या बाजूलाही नाही.

सगळ्यात मोठी चूक यंत्र आधाराला बांधताना होते. जवळचं चांगलं काजूचं झाड धरून त्याच्या बुंध्याला नुसता दोर आवळतात. जोर लागला की साल सोलते, आणि रोठ्याला हवी असते ती तीच जखम. एक मेलेलं झाड काढायला जाऊन जिवंत झाडाला दार करून दिलंत! शक्यतो ऐन, किंजळ असं रानटी झाड किंवा पक्का गाडलेला कातळ धरा. काजूचंच झाड धरावं लागलं तर रुंद पट्टा वापरा, खाली गोणपाटाचे चार पदर घाला आणि बुंध्याशी अगदी खाली बांधा. ओढून नेताना वाटेतल्या कलमांनाही बुंध्याशी गोणपाट गुंडाळा. तरीही साल गेलीच, तर त्याच दिवशी १० टक्के बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

माझा अनुभव असा की वाळक्या गवतावर आणि पाचोळ्यावर ओंडका छान सरकतो. वळवाची एक जोराची सर झाली की तोच ओंडका मातीत नाक खुपसतो. पुढचं टोक कोयत्याने तासून गोल केलं तर निम्मा त्रास वाचतो. म्हणून वळवाची वाट बघू नका.

बाकी नेहमीचं:
- इंजिन ऑइल तपासणे
- इंजिन गार झाल्यावरच पेट्रोल भरणे
- हातमोजे, बूट
- वरून वीजवाहिनी जाते का पाहणे
- मुलं, गुरं लांब ठेवणे
- विंचने माणूस किंवा टांगता बोजा न उचलणे

बुंधा विंचने उपटायच्या मागे लागू नका, झटक्याने दोर तुटतो. रोठा मुळांतही शिरतो, त्यामुळे बुंध्याभोवती खणा, मुळं तोडा, फोडा, सुटला की मग ओढा. शेजारच्या झाडांना कोवळा प्रादुर्भाव असेल तर पटाशीने साल काढून तारेच्या हुकाने रोठा बाहेर काढून मारा आणि तो भाग क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, १० मिली प्रति लिटर पाण्यात मिसळून चांगला भिजवा. हातमोजे घाला, उरलेलं द्रावण वहाळात ओतू नका. कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकून बघायची मला सवय आहे. बद्द आवाज आला तर भुसा दिसत नसला तरी मी साल उचकटून बघतो.

ओंडके रस्त्याला लागले की बांधावर रचून ठेवू नका, बांध म्हणजे बागच. साल आणि भुसा तिथेच जाळा. लाकूड त्याच आठवड्यात विका किंवा फोडून जळणाला घ्या. विंच परत करायच्या आधी, ज्या ज्या झाडाला पट्टा बांधला होता, त्याचा बुंधा एकदा वाकून बघा.