उन्हाळ्यात कोळीवाड्यात फील्डवर्क करताय? या चुका टाळा

परीक्षा संपली की मे महिन्यात मानववंशशास्त्राचा फील्ड प्रोजेक्ट उरकायचा, असं बहुतेकांचं ठरलेलं असतं. ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. चेंदणी कोळीवाडा ठाणे स्टेशनपासून चालत गाठता येतो. दिवाळे, सारसोळे, करावे ही गावं सेक्टरांना खेटून आहेत. येऊरच्या वारली पाड्यांकडे ठाण्यातूनच बस जाते. मी याच भागात शिकले, पहिलं फील्डवर्क इथल्याच एका खाडीकाठच्या गावात केलं आणि आता विद्यार्थ्यांच्या वह्या वाचते. त्या वह्यांत दर जूनमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "लोकांनी पुरेसा वेळ दिला नाही."

सुट्टी आपली असते, गावाची नाही

ही सगळ्यात मोठी चूक, कारण बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. आपल्याला मे मोकळा दिसतो. आगरी-कोळी घरात मात्र हा वर्षातला सगळ्यात धावपळीचा महिना. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे त्याआधी मिळेल तेवढं पकडून घ्यायचं. घरात अगोटची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी चालू असते: जवळा, बोंबील, सोडे सुकवायचे, मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कुटून आणायचा. त्यातच लग्नसराई, म्हणजे आज या आळीत हळद आणि उद्या त्या आळीत.

मी पहिल्या आठवड्यात रोज सकाळी अकराला वही घेऊन जायचे. एके दिवशी जेट्टी रिकामी, दुसऱ्या दिवशी सगळे जाळी काढण्यात गुंतलेले. चौथ्या दिवशी एका काकांनी समजावलं, "पोरी, घड्याळ बघून येऊ नको, तिथ बघून ये." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. खाडीत आत थोडं मागेपुढे होतं, पण हिशोब चालतो. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून अकराची वेळ एक दिवस जमली तरी चार दिवसांनी फसणारच. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते आणि माणसं बोलायला सापडतात. भिंतीवरचं कालनिर्णय हे तुमचं पहिलं साधन.

बायकांची वेळ वेगळीच. दुपारी दोन ते चार कोणी भेटणार नाही, असं मुलं गृहीत धरतात. पण वाळत घातलेला जवळा आणि मिरच्या कावळ्यांपासून राखायला कोणीतरी बसलेलंच असतं, बहुतेक वेळा आजी. मुलाखत मागू नका. शेजारी बसा, काठी हातात घ्या, कावळे हाकला. माझ्या वहीतली सगळ्यात चांगली पानं त्या ओट्यावर लिहिलेली आहेत. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र न्याच. मेमधली खाडीकाठची दमट हवा अंगातलं पाणी कधी काढून घेते ते कळत नाही.

पहिल्याच दिवशी घराची माहिती विचारणं

प्रश्नावली घेऊन दारोदार फिरायचं: घरात माणसं किती, घर कोणाच्या नावावर, जमीन किती. नवी मुंबईत असं केलंत तर दारं बंद होतील, आणि त्यात लोकांचं काहीही चुकत नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 ची. त्यानंतर ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलीस गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. गावठाणाबाहेर वाढलेल्या घरांचा प्रश्न अजून लोकांच्या मनात धगधगतो. अशा गल्लीत हातात पॅड घेऊन कोणी मजले मोजू लागलं, तर ते सर्वेवाले वाटणारच.

आधीच असं झालं असेल तर दोन-तीन दिवस थांबा. कॉलेजचं पत्र मराठीत करून घ्या. इंग्रजी पत्र दाखवलं की संशय वाढतो. गावकीतल्या जाणत्या माणसाला आणि महिला मंडळालाही आधी भेटा. जमिनीचा विषय तुम्ही काढू नका. तो लोकच काढतात, आणि त्यांनी काढला की प्रश्नावलीत न मावणारं बरंच काही ऐकायला मिळतं.

'कझिन' लिहिणं

नातेतक्त्यात पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ आणि लग्नाला बरोबरचं चिन्ह, एवढं सगळ्यांना येतं. मग सरसकट 'कझिन' लिहून मुलं मोकळी होतात. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्या भाषेत चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ असे चार वेगळे शब्द आहेत, आणि कोणाशी सोयरीक जुळू शकते याचं अर्धं उत्तर त्या शब्दांतच आहे. बऱ्याच समाजांत मामेबहिणीशी लग्न चालतं, चुलत बहिणीशी नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग मांडले आणि महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला. उत्तर आणि दक्षिणेच्या रीतींच्या मध्ये तो का बसतो, हे तुमच्या गावच्या तक्त्यात दिसू शकतं. एका शब्दाने ते पुसू नका.

बोलीचंही तसंच. आजी 'म्हावरा' म्हणाली तर वहीत 'मासे' लिहू नका, 'पानी'चं 'पाणी' करू नका. तुम्ही शुद्धलेखन तपासायला गेलेला नाहीत.

हळदीत मोबाईल उभा धरणं

हळदीचं बोलावणं येईल, आनंदाने जा. पण धवलारीण, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी गाणारी बाई, धवले गायला बसली आणि तुम्ही थेट रेकॉर्डिंग सुरू केलंत, तर पाहुण्याचे क्षणात परके होता. त्या दिवशी फक्त ऐका. डीजेच्या आवाजात रेकॉर्डिंग तसंही वाया जातं. लग्न उरकल्यावर तिच्या घरी जाऊन परवानगी मागा, पंखा बंद करता येईल का विचारा, फोन घडी केलेल्या रुमालावर ठेवा आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. मगच पुढे जा.

नोंदी रविवारी लिहू म्हणणं

रविवारपर्यंत काही उरत नाही. त्याच रात्री लिहा, आणि तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: काय पाहिलं, कोण नेमकं काय म्हणालं, मला काय वाटलं. शेवटचं दुसऱ्या रंगात. ट्रान्स-हार्बर लोकलच्या परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर नुसते खुणेचे शब्द लिहिले तरी रात्री सगळं आठवतं.

नाव बदललं की झालं, असं समजणं

अहवालात नावं बदलतात, ते बरोबरच. पण गावात धवलारीण एकच असेल, तर नाव बदलून ती लपत नाही. म्हणून लिहिलेला भाग जमा करण्याआधी त्या-त्या माणसाला वाचून दाखवा. कोणी एखादी ओळ काढायला सांगेल, ती निमूट काढा. आणि कोणाला लपायचंच नसेल, तर तेही ऐका. माझ्या त्या ओट्यावरच्या आजींना स्वतःचं पूर्ण नाव, माहेरच्या गावाचं नाव आणि नवऱ्याच्या होडीचं नाव अशी तिन्ही हवी होती. गाईडशी बोलून मी तिन्ही ठेवली आणि प्रोजेक्टची एक प्रत त्यांच्या घरी नेऊन दिली.