नवं पायथन बसवण्याआधी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं नवं व्हर्जन घेताना सगळ्यात आधी पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडच्या संचांची, यादी काढा. नवं व्हर्जन उतरवायच्याही आधी. जुन्या प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरात जायचं, त्याचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरती पॅकेजांची वेगळी जागा) चालू करायचं, पिप फ्रीझ (बसवलेल्या पॅकेजांची यादी देणारी आज्ञा) द्यायचं आणि जे निघेल ते रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये टाकायचं. एन्व्हायर्नमेंट चालू न करता दिलंत तर भलतीच यादी मिळेल.

मी हे केलं नव्हतं. देवगडच्या आमच्या आंब्याच्या बागेचा हिशोब, म्हणजे किती पेट्या गेल्या, वाशीच्या बाजारातून कितीची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) आली, सगळा पायथन ३.८ वर चालायचा. ऐन एप्रिलमध्ये मी ३.१२ बसवलं आणि आता काय गरज म्हणून ३.८ काढून टाकलं. लिनक्सवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथन नसतं, मूळ पायथनची नुसती लिंक असते. मूळ गेलं, पिपही गेलं, यादी विचारायची कुणाला? अंदाजाने नवी पॅकेजं टाकली तर जुना कोड डिस्ट्युटिल्स (पायथनबरोबर येणारं, पॅकेजं बांधायचं जुनं साधन) मागत बसला, आणि ते ३.१२ मध्ये ठेवलेलंच नाही. चार दिवस काका रात्री जागून पट्ट्या वहीत उतरवत होते. म्हणून पुन्हा सांगतो, यादी आधी.

उबुंटूचं (लिनक्सचाच एक प्रकार) स्वतःचं पायथन असतं त्याला हात लावू नका. काढू नका, बदलू नका. सिस्टिमची अर्धी कामं त्याच्यावर चालतात. आपली व्हर्जनं पायएन्व्हने (पायथनची अनेक व्हर्जनं शेजारी शेजारी ठेवणारं साधन) वेगळी बसवा.

पायएन्व्ह पायथन मूळ कोडवरून मशीनवरच बांधून काढतं, त्याला वेळ लागतो, नेटही लागतं. आपल्याकडे वळवाचा पाऊस आला की लाइट आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा हे काम आभाळ भरलेलं असताना काढू नका. बांधणीआधी ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय आणि एसक्यूलाइट यांची डेव्हलपमेंट पॅकेजं (बांधणीला लागणाऱ्या सिस्टिमच्या फाइली) टाका. शेवटचं विसरलात तरी पायथन बसतं, खाली एक इशारा येतो आणि तो कुणी वाचत नाही. मग प्रोग्राम डेटाबेस उघडायला जातो तेव्हा कळतं. इशारे वाचा.

बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) पायएन्व्हच्या ओळी घाला, नवं टर्मिनल उघडा, विच मायनस ए ही आज्ञा देऊन पाथमध्ये (सिस्टिम प्रोग्राम शोधते त्या फोल्डरांची यादी) कोणतं पायथन आधी येतंय ते बघा. फोल्डरात पायएन्व्ह लोकलने व्हर्जन नेमून द्या. ग्लोबल, म्हणजे सगळीकडे लागू होणारं व्हर्जन, बदलून सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी सोय) बॅशआरसी वाचत नाही, तिथे एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या.

नोडचं (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एनव्हीएमने, म्हणजे त्याची व्हर्जनं सांभाळणाऱ्या साधनाने, तसंच, फक्त फोल्डरात व्हर्जन लिहिलेली एनव्हीएमआरसी फाइल असली तरी एनव्हीएम यूज ही आज्ञा स्वतः द्यावं लागतं. आणि ग्लोबल टाकलेली पॅकेजं नव्या नोडबरोबर आपोआप येत नाहीत. त्यांचीही यादी काढा. हो, तीसुद्धा आधी.

मग नवं एन्व्हायर्नमेंट, यादीवरून इन्स्टॉल, गेल्या हंगामाच्या दोन-चार पट्ट्या घालून बेरीज ताडून बघा. ३.८ ला ऑक्टोबर २०२४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झाल्यात, ते कधीतरी काढायचंच आहे. पण शेवटची पेटी जाऊन हिशोब मिटल्यावर. आणि त्या दिवशीही आधी रिक्वायरमेंट्स फाइल उघडून ती रिकामी नाही ना ते बघून घ्या.