बॅककंट्री स्कीइंगला सुरुवात करताय? आधी उतार वाचायला शिका

बॅककंट्री स्कीइंग म्हणजे स्की रिसॉर्टच्या आखलेल्या मार्गांबाहेर, मोकळ्या डोंगरात केलेलं स्कीइंग. त्यात नव्याने येणारे मला आधी सामानाबद्दल विचारतात. कोणता बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं यंत्र) घ्यावा, एअरबॅग (हिमस्खलनात फुगवायची पाठीवरची पिशवी) लागेलच का? बीकन, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे हवंच, त्यात तडजोड नाही. पण हे सगळं कामाला येतं ते हिमस्खलन झाल्यावर. ते होऊ नये यासाठीचं काम आदल्या संध्याकाळी, नकाशा समोर घेऊन करायचं असतं.

हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत बर्फाची लादी, म्हणजे एकसंध थर, त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानेच सुटलेली असते. मला यातून धीर येतो, कारण कुठे पाऊल टाकायचं हे आपल्या हातात आहे. अशा लाद्या मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीइंगची खरी मजाही त्याच उतारांवर असते. ३० अंशांखाली धोका खूपच कमी, पण डोक्यावर तीव्र उतार नसेल तरच. ही दुसरी अट फार जण विसरतात. खालच्या सपाटीवरून चालतानाही वरचा उतार सुटू शकतो. पहिल्या हंगामात ३० अंशांखालीच राहा, असं मी आग्रहाने सांगते. उतार रंगांत दाखवणारे नकाशे मिळतात, आणि जागेवर क्लिनोमीटरने कोन मोजता येतो.

हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोक्याच्या ५ पातळ्या असतात. ३ म्हणजे मधली, म्हणून ठीकठाक, असं समजू नका. पातळीगणिक धोका झपाट्याने वाढतो, आणि ३ला एकट्या स्कीअरच्या वजनानेही लादी सुटू शकते. आकड्याच्या पुढचा मजकूर वाचा: कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीवर, वाऱ्याने साचलेला बर्फ की आत दडलेला कमकुवत थर?

हा दडलेला थर मला सर्वांत फसवा वाटतो. निरभ्र, थंड रात्री बर्फावर पिसांसारखे हिमस्फटिक उगवतात. त्यावर नवा बर्फ पडला की ते झाकले जातात आणि कित्येक आठवडे कमकुवतच राहतात. शिकत असताना आमच्या प्रशिक्षकाने एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी बर्फात खड्डा खणून असा थर दाखवला होता. फावड्याने हलकं ओढताच वरची अख्खी लादी सरकून पुढे आली. त्या उताराशेजारीच आदल्या दिवशीचे स्कीचे माग होते. माग दिसले म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

बाहेर पडल्यावर नुकतीच झालेली हिमस्खलनं, पायाखाली बर्फ बसल्याचा ‘धप्प’ आवाज, स्कीपासून पळत जाणाऱ्या भेगा, ताजा जोरदार हिमवर्षाव, वाऱ्याने वाहून येणारा बर्फ, अचानक वाढलेली उष्णता यांवर लक्ष ठेवा. यातलं एक जरी दिसलं, तरी नवख्यांनी त्या दिवशी तीव्र उताराचा नाद सोडावा. आणि बोला! अनुभवी मंडळींसमोर गप्प राहणं फार महागात पडू शकतं. चांगल्या गटात एकाचा नकार पुरतो. धोक्याचा उतार एकेकाने पार करायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

तरीही कोणी गाडलं गेलं, तर वाचवणार तुम्हीच. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर मात्र आशा फार कमी उरते. बाहेरची मदत इतक्या लवकर सहसा पोचत नाही. म्हणून सराव करा. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा बीकन सिग्नल पाठवतोय ना, ते तपासा. शोधताना मोबाइल बीकनपासून निदान ५० सेंटिमीटर दूर ठेवा. जवळ आल्यावर बीकन बर्फालगत आणा, प्रोब पृष्ठभागाला काटकोनात खुपसा आणि काही लागलं की ती तिथेच राहू द्या. खणायचं ते उताराच्या खालच्या बाजूने, थेट वरून नव्हे. सर्वांत जास्त वेळ खणण्यातच जातो, म्हणून सरावात पुरलेल्या पिशवीला प्रोब लागली की थांबू नका. ती बाहेर निघेपर्यंतचा वेळ मोजा.